चार दिवस सही अडली, तेव्हा काय काय थांबलं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"माझं वय ६१. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. यजमान ६६ वर्षांचे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) त्यांचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे, अकरा माणसं कामाला आहेत. सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) आहे आणि त्यापोटी प्लॉट तारण आहे. थोरला मुलगा पंधरा वर्षं वडिलांबरोबर वर्कशॉप सांभाळतो. मुलगी पुण्याला दिली आहे, धाकटा कॅनडात आहे. सासूबाई ८८ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते २००८ साली गेले. दीर सुरतेला, नणंद नाशिकला. नणंदेनं 'मला काही नको' असं तेव्हाच सांगितलं होतं. बडोद्याजवळ पादरा गावाकडे थोडी शेतजमीन आहे. ती सासऱ्यांनी हयातीतच ह्यांच्या नावावर केली होती.

आषाढात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. चार दिवस आयसीयूत होते. नेमकी पगाराची तारीख आली आणि सही करणारं कोणी नाही. थोरल्याला त्याच्या सासऱ्यांकडून हातउसने घेऊन पगार करावे लागले. तेव्हापासून मी मृत्युपत्राचं म्हणते आहे. हे म्हणतात, 'आत्ताच माझ्या मरणाची तयारी करतेस का? मुलं गुणी आहेत, बघून घेतील. आपण काय राजघराणं आहोत?' एक मात्र त्यांच्या मनात आहे. वर्कशॉप सुरू झाल्यापासून असलेल्या टर्नरकाकांना पादऱ्याच्या जमिनीचा तुकडा द्यायचा. मी हा विषय कसा काढू? आणि मृत्युपत्र केलं की सगळं मार्गी लागेल ना?"

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नुसत्या मृत्युपत्रानं सगळं मार्गी लागणार नाही. मृत्युपत्र करायचंच आहे आणि ते कसं करायचं तेही पुढे सांगते. पण मृत्युपत्र फक्त कोणाला काय मिळणार तेवढं ठरवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपचं शटर उघडल्यावर सही कोण करणार, हे त्यात नसतं. धंदा असलेल्या घरात हा प्रश्न वाटणीच्या आधी उभा राहतो. तुमच्याकडे तो आषाढातच उभा राहिला होता.

म्हणून आधी ते चार दिवस कागदावर उतरवा. थोरल्याला बसवा आणि विचारा, काय काय अडलं? पगार अडले, हे तुम्ही लिहिलंच आहे. स्टीलवाल्याचं पेमेंटही अडलं असणार. जीएसटीचं रिटर्न भरायचं असेल तर त्याचा ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर आला असणार, आणि मोबाइल हॉस्पिटलच्या पिशवीत. बँकेत फोन केला तर 'सरांशीच बोलावं लागेल' असं उत्तर मिळालं असणार. जे जे अडलं ते सगळं लिहा. पुढचं सगळं काम या यादीवरून ठरेल.

आता कटू बोलते, रागावू नका. आषाढात हे परत आले, म्हणून चार दिवसांचं अडलेलं पाचव्या दिवशी सुटलं. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला कायद्यात मालकापेक्षा वेगळं अस्तित्व नसतं. पॅन त्यांचा, जीएसटी नंबर त्यांच्या पॅनवर, करंट खातं त्यांचं. मालक गेल्याचं बँकेला कळलं की खात्यातले व्यवहार थांबतात. नॉमिनी असेल तर त्याला शिल्लक रक्कम मिळते, खातं चालवायचा हक्क मिळत नाही. आणि तुमचं तर कॅश क्रेडिट आहे, म्हणजे शिल्लक नव्हे, देणं. वारसाला धंदा पुढे चालवायचा तर स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो. जुन्या नंबरावर पडून असलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ हा फॉर्म भरून नव्या नंबरावर आणावं लागतं. ज्या मोठ्या कंपन्यांना तुम्ही माल देता त्यांच्याकडचा व्हेंडर कोड जुन्या नंबरावर असतो. नवा कोड होईपर्यंत तुमचं बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढत नाही. माल तयार, गिऱ्हाईक तयार, आणि बिल करता येत नाही अशी गत होते.

काही वर्षांपूर्वी असंच वर्कशॉप असलेल्या घरचा मुलगा वडिलांचं बाराव्याचं उरकून माझ्याकडे आला. त्यानं पिशवीतून चेकबुक काढून टेबलावर ठेवलं. त्यातल्या बऱ्याच चेकांवर वडिलांनी आधीच सह्या करून ठेवल्या होत्या, गावाला जाताना करायचे तशा. त्याचा निरागस प्रश्न होता, हे वापरून पगार केले तर चालतील का? चालत नाहीत. खातेदार गेल्याचं कळल्यावर बँक तो चेक वटवत नाही. बँकेला न कळवता ते चेक वापरले तर उद्या एखाद्या भावंडानं 'बाबांच्या मागे पैसे काढले' असा आरोप केल्यावर उत्तर देता येत नाही. मुलाच्या मनात काही वावगं नव्हतं, त्याला फक्त कामगारांचे पगार करायचे होते. हे सगळं वडील असतानाच एका दुपारी मिटलं असतं.

तुमच्या घरी मी सगळ्यात पहिलं काम हे सुचवीन: धंद्याचं स्वरूप बदला. इथे घाई मात्र नको. पुष्कळ जण 'मुलाला पार्टनर करून टाका' एवढंच सांगतात. नुसत्या बाप-लेकांची भागीदारी केली तर एक जण गेल्यावर फर्म तिथेच संपते. भागीदारी कायदा १९३२ चा आहे. करारात 'एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहील' असं लिहिता येतं, पण मागे एकच माणूस उरला तर भागीदारी कोणाशी? तिसरा भागीदार हवा. घरात तिसरं माणूस म्हणजे तुम्ही किंवा सूनबाई. पण साध्या भागीदारीत फर्मचं देणं भागीदाराच्या अंगावर येतं, तुमच्या दागिन्यांपर्यंत. म्हणून कॅश क्रेडिट असलेल्या धंद्यात मला एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी जास्त पसंत आहे. भागीदार किंवा डायरेक्टर गेला तरी संस्था राहते, तिचा जीएसटी नंबर राहतो, खातं राहतं, आणि दुसऱ्या अधिकृत माणसाची सही चालते. बँक वैयक्तिक गॅरंटी मागेलच. त्यावर सही करायची वेळ आली तर नीट वाचून आणि विचार करून करा.

दोन ठिकाणी आधी विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. एक म्हणजे जीआयडीसीचं, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं ऑफिस. तो प्लॉट लीजवर आहे, नाव किंवा संस्था बदलली की महामंडळाची परवानगी लागते, आणि काही प्रकारांत ते हस्तांतरण धरून फी मागतात. दुसरी तुमची बँक, कारण प्लॉट तिच्याकडे तारण आहे. मशीनं आणि प्लॉट नव्या संस्थेकडे नेताना आयकराचाही हिशेब असतो, तो तुमच्या सीएकडून आधी करून घ्या. हे सगळं होईपर्यंत एवढं तरी लगेच करा: थोरल्याला खात्यावर सही करायचा अधिकार देणारं पत्र बँकेत द्या आणि त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या. आषाढासारखी वेळ परत आली तर निदान पगार अडणार नाहीत. फक्त हे लक्षात ठेवा की कुलमुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपतं. त्याची बुद्धी, स्मृती काम करेनाशी झाली तरीही संपतं. झटका येऊन माणूस अंथरुणाला खिळला आणि कोणाला ओळखेनासा झाला तर आपल्याकडे कुटुंबाला हायकोर्टात पालक नेमून घ्यायला जावं लागतं. म्हणून मी कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहा असं सांगत नाही. खरा आधार संस्थेचाच.

आता वाटणीकडे येते. 'मुलं बघून घेतील' असं हे म्हणतात. मृत्युपत्र नसेल तर बघून घ्यायचं मुलांच्या हातात राहत नाही, हिंदू वारसा कायदा १९५६ बघून घेतो. त्याप्रमाणे ह्यांच्या मालकीच्या प्रत्येक गोष्टीचे पाच सारखे भाग होतील: तुम्ही, तीन मुलं आणि सासूबाई. आई पहिल्या वर्गाची वारस आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. समजा सासूबाई मागे राहिल्या, तर वर्कशॉपचा पाचवा हिस्सा त्यांचा. पुढे त्या मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांचा हिस्सा त्यांच्या तिन्ही मुलांच्या घरात सारखा जाईल. म्हणजे वर्कशॉपचा पंधरावा हिस्सा सुरतेच्या दिरांचा, पंधरावा नाशिकच्या नणंदेचा. त्या दोघांनी तो मागितला नाही तरी कागदावर त्यांच्या सह्या लागतील. पंधरा वर्षं तेलकट हातांनी ज्यानं मशीनं चालवली त्याला एक प्लॉट विकायला किंवा कर्ज नवं करून घ्यायला पाच-सहा जणांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. त्यातला एक कॅनडात.

इथे मला मनापासून सांगायचं आहे की समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्कशॉप थोरल्याकडे जावं हे मला बरोबर वाटतं, तो ते चालवतो म्हणून. पण त्याबरोबर कॅश क्रेडिटचं देणंही त्याच्याकडे जावं, आणि दुसऱ्या दोघांना तोलामोलाचं काही मिळावं: एफडी, म्युच्युअल फंड, घरातला हिस्सा. वर्कशॉपची किंमत सगळ्यात जास्त भरत असेल तर थोरल्यानं ठरावीक वर्षांत भावंडांना अमुक रक्कम द्यावी असंही मृत्युपत्रात लिहिता येतं. मुलीच्या बाबतीत कृपा करून 'तिला लग्नात दिलं की' असं म्हणू नका. कायद्याच्या दृष्टीनं त्या वाक्याला काही वजन नाही, आणि माझ्या दृष्टीनं ते अन्यायाचं आहे. तिला कमी द्यायचं ठरवलंत तर ते तिला समोर बसवून सांगा. वडील गेल्यावर वकिलाच्या तोंडून ऐकायला लावू नका.

घराचं मात्र वेगळं आहे. सासरे मृत्युपत्राशिवाय गेले असतील आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, तर २००८ सालीच त्याचे चार भाग झाले आहेत: सासूबाई, तुमचे यजमान, दीर, नणंद. ह्यांच्या मालकीचा त्यातला फक्त पाव हिस्सा. पूर्ण घर आपलंच समजून त्यांनी ते मृत्युपत्रात थोरल्याला लिहून दिलं तरी थोरल्याला मिळेल पावच. नणंदेचं 'मला काही नको' हे तोंडी बोलणं प्रेमाचं असेल, पण कागदावर त्यानं काही होत नाही. हक्क सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, ज्याला आपल्याकडे कचेरीत 'हक्क कमी' म्हणतात. तलाठ्याकडून पेढीनामा (वारसांची वंशावळ) काढा, सिटी सर्व्हेत वारसाईची नोंद करून घ्या, मग प्रॉपर्टी कार्डावर चौघांची नावं चढतील. त्यानंतर कोण हक्क सोडतो, कोणाला रक्कम द्यायची, ते भावंडांनी ठरवावं. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत आणि शुद्धीवर आहेत, सही करू शकतात. हे काम त्यांच्या हयातीत झालं तर चार सह्यांत होईल. नंतर त्यांच्या हिश्श्याचेही तुकडे पडतील. दिवाळीला दीर-नणंद बडोद्याला येणार असतील तर तेव्हाच उरका.

नॉमिनीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक सगळ्या एफडींवर थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं असणार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढंच त्यानं ठरतं. त्या पैशांवर हक्क वारसांचा, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याचा. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्याचं थोडं निराळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी धरायची तरतूद आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसकट लावता येतात. मृत्युपत्रात जे लिहाल त्याच्याशी जुळतील अशी नावं सगळीकडे लावून घ्या. मृत्युपत्र एक सांगतंय आणि नॉमिनी दुसराच, यातून भावाभावांत जेवढे गैरसमज होतात तेवढे जमिनीवरूनही होत नाहीत.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण धंदा आणि अनेक वारस असताना मी करायलाच सांगते, कारण सब-रजिस्ट्रारसमोर माणूस स्वतः जाऊन सही करून आला हा मोठा पुरावा असतो. दोन साक्षीदार लागतात. त्यांनी ह्यांना सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांच्यासमोर स्वतः सह्या करायला हव्यात. साक्षीदार ह्यांच्यापेक्षा वयानं लहान निवडा. पुढे वाद झाला तर त्यातल्या निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि ६६ वर्षांच्या माणसानं आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीदार घेतले तर वीस वर्षांनी कोणाला बोलावणार? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा कशाला? अँजिओप्लास्टी झालेली आहे, तेव्हा त्याच आठवड्यातलं डॉक्टरांचं 'पूर्ण शुद्धीत आहेत' असं सर्टिफिकेट जोडा.

भाषा कोणती, असं बडोद्यातली मराठी माणसं मला नेहमी विचारतात. मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र कायदेशीर असतं. पण इथल्या कचेऱ्यांत काम गुजरातीत चालतं, तेव्हा पुढे भाषांतर करून द्यावं लागेल. ह्यांना गुजराती वाचायला अडचण नसेल तर गुजरातीत करा. आपण काय सही करतोय ते ओळ न् ओळ त्यांना स्वतः वाचता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. मजकुरात मालमत्तेचं वर्णन पुरं हवं, प्लॉट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, फोलिओ नंबरसकट. आणि शेवटी 'यात न आलेली बाकी सगळी मालमत्ता अमक्याला' हे वाक्य विसरू नका. तेवढं राहून गेलं तर राहिलेल्या मालमत्तेला पुन्हा वारसा कायदा लागतो. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारं माणूस, म्हणून तिन्ही मुलांचा विश्वास असलेलं माणूस नेमा. तुमच्या पत्रावरून मला पुण्याची मुलगी योग्य वाटली. वर्कशॉपमध्ये तिचा जीव अडकलेला नाही आणि दोन्ही भाऊ तिचं ऐकतात असं तुम्हीच लिहिलं आहे. बडोद्यातल्या मालमत्तेसाठी हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही, त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या प्रोबेटच्या कहाण्यांनी घाबरू नका. मरणोत्तर कराचीही भीती नको. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली.

कोणी सांगेल की मृत्युपत्राची कटकट कशाला, आत्ताच सगळं थोरल्याच्या नावावर बक्षीसपत्रानं करून टाका. तसं करू नका. बक्षीस दिलेलं परत घेणं जवळजवळ अशक्य असतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात एक वाट आहे, पण त्यासाठी 'आमचा सांभाळ करायचा' ही अट बक्षीसपत्रातच लिहिलेली बरी. मृत्युपत्र मात्र हयातीत हवं तेव्हा बदलता येतं, आणि मालकी शेवटपर्यंत ह्यांच्याकडेच राहते. तुमचा थोरला गुणी आहे याबद्दल मला शंका नाही. पण माणसाच्या गुणांवर कागदाचा भार टाकू नये.

ताई, तुमच्या पत्रात थोरल्याचं काय, मुलीचं काय, सासूबाईंचं काय, टर्नरकाकांचं काय, हे सगळं आहे. तुमचं काय, हे कुठेच नाही. ह्यांच्या मागे तुम्ही राहणार कुठे? घरात ह्यांचा फक्त पाव हिस्सा आहे. म्हणून त्यांच्या मृत्युपत्रात स्पष्ट हवं की त्यांच्या हिश्श्यावर राहायचा हक्क तुमच्या हयातीपर्यंत तुमचा, मुलांकडे तो नंतर जाईल. एक ठरावीक रक्कम फक्त तुमच्या नावे, तुमच्या एकटीच्या खात्यात असावी. बाकीच्या ठेवी दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही खातं चालवू शकेल आणि एक गेलं तरी दुसऱ्याला ते चालवता येईल. मग दर महिन्याला मुलाकडे हात पसरायची वेळ येणार नाही. आणि तुमचे दागिने, तुमच्या माहेरचं आलेलं, त्याचं मृत्युपत्र तुम्हीही करा. बायकांचं मृत्युपत्र आपल्याकडे कोणी करतच नाही, मग बांगड्यांवरून सुना-मुली अबोला धरतात.

थोरल्यानंही करावं, चाळिशीच्या आतच. त्याच्यावर आता कर्ज येणार. त्यानं बायको-मुलांसाठी टर्म विमा विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, १८७४ च्या, घ्यावा. फॉर्म भरताना एक वेगळी घोषणा भरायची असते. ती भरली की ते पैसे बायको-मुलांचेच राहतात, धंद्याच्या सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात घालता येत नाही. एजंट हे बहुधा सांगत नाहीत, विचारून भरा.

विषय कसा काढायचा? मृत्युपत्र हा शब्दच काढू नका. आषाढातली यादी घेऊन बसा आणि विचारा, 'पुन्हा आठ दिवस ॲडमिट व्हावं लागलं तर पगार कोण करणार?' धंदेवाल्या माणसाला हा प्रश्न अपशकुनाचा वाटत नाही, कामाचा वाटतो. तो सुटायला लागला की संस्था, नॉमिनी, घर आणि मृत्युपत्र त्याच ओघात येतं. शक्य असेल तर सीएंनाच घरी चहाला बोलवा. बायकोचं न ऐकणारी माणसं सीएचं ऐकतात, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. 'आपण काय राजघराणं आहोत?' असं ह्यांनी पुन्हा म्हटलं तर सांगा की आपल्याच गावात महाराज फत्तेसिंहराव गायकवाड १९८८ मध्ये गेल्यावर मालमत्तेचा वाद भावाभावांत कोर्टात गेला, आणि समझोता व्हायला २०१३ उजाडलं. त्यांच्यामागे वकिलांची फौज होती आणि वाट पाहायची ऐपत होती. वर्कशॉपला तेवढा दम नसतो. पगाराची तारीख दर महिन्याला येते.

सरतेशेवटी पादऱ्याची जमीन. ती सासऱ्यांनाही वडिलार्जित आलेली असेल तर तिच्यात तुमच्या तिन्ही मुलांचा जन्मापासून हक्क असू शकतो. २००५ च्या दुरुस्तीनं आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानं मुलीलाही तो मुलांइतकाच दिला आहे. तेव्हा जुने उतारे काढून वकिलाला दाखवा. जमीन ह्यांची एकट्याची निघाली तरी टर्नरकाका खातेदार शेतकरी नसतील तर ती त्यांना मृत्युपत्रानं देता येणार नाही. गुजरातच्या कुळकायद्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर बंदी आहे, आणि मृत्युपत्रही त्यातून सुटत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच सांगितलं. त्यांना जमिनीऐवजी रोख रक्कम द्या. मृत्युपत्रात त्यांचं नाव आणि आकडा लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे ह्यांनी ती आत्ताच स्वतःच्या हातानं द्यावी. आणि अकरा माणसं कामाला आहेत म्हणजे ग्रॅच्युइटीचे नियम तुमच्या वर्कशॉपला लागू आहेत. काकांची इतक्या वर्षांची ग्रॅच्युइटी हे धंद्याचं देणंच आहे, ती बक्षिसात धरू नका. ती वेगळी मोजून ठेवायला सीएंना सांगा.

पेढीनामा आणि प्रॉपर्टी कार्डाची नक्कल हातात आली की मला पुन्हा लिहा. घराच्या हक्कसोडपत्रात काय काय यायला हवं ते तेव्हा नीट पाहू.